उशामागची खुंटी

धैर्यशीलरावांनी वायफायचा डबा बंद केला तेव्हा अनुजाताई काही बोलल्या नाहीत. मायक्रोवेव्ह शेजारच्यांना देऊन टाकला, तेव्हाही त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. पण एका रविवारी नवरा फ्रिजची पिन हातात धरून उभा दिसला, आणि फ्रिजमध्ये संध्याकाळच्या पाहुण्यांसाठी आणलेलं मटण होतं. आम्ही कोल्हापूरकर सगळ्या बाबतींत समजूतदार आहोत, असं निदान आमचं मत आहे. पण मटणाच्या बाबतीत नाही.

"अहो, हे काय चाललंय?"

"डोक्यात घूं घूं होतंय गं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

"म्हणून मटण नासवायचं?"

"मटण नासलं तर दुसरं मिळंल की. डोकं माझं एकच हाय."

"आणि ते आधीच नासलंय," असं म्हणून अनुजाताईंनी पिन परत लावली.

धैर्यशील इंगवले पाटबंधारे खात्यातून सर्वेअर म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्यभर उन्हातान्हात कालवे मोजत हिंडले, कधी डोकं दुखलं नाही. आता रंकाळ्याजवळच्या फ्लॅटमध्ये पाय पसरून बसायचे दिवस आले, तर सोसायटीच्याच समोरच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर आला आणि त्यांची झोप गेली. कान वाजायचे, कपाळ ठणकायचं, अंगातून मुंग्या जायच्या. टॉवर कुणी आणला असं कुणी विचारलं, की ते मुकाट्यानं स्वतःकडे बोट दाखवत. सोसायटीचे अध्यक्ष तेच होते. ठराव त्यांनीच मांडला होता आणि टॉवर उभा राहिला त्या दिवशी पेढेही त्यांनीच वाटले होते.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. ते भले गृहस्थ होते. "त्रास खरा आहे तुमचा," ते म्हणाले, "पण कारण काही मला सापडत नाही." ज्याला कारण सापडत नाही असा माणूस अख्ख्या कोल्हापुरात हा एवढाच निघाला. बाकी सगळ्यांना ते माहीत होतं, आणि औषधही. कुणी पहाटे म्हशींची धार काढतात त्या कट्ट्यावर जाऊन धारोष्ण दूध प्यायला सांगितलं. कुणी उशाखाली कांदा ठेवायला लावला. एका मित्रानं तर तालमीत नेऊन वस्तादांकडून डोक्याची मालिश करून घेतली. त्यानंतर आठवडाभर धैर्यशीलरावांचं डोकं दुखलं नाही हे खरं, कारण मान एवढी दुखत होती की डोक्याकडे लक्ष द्यायला सवड नव्हती.

शेवटी त्यांनी एक मीटर मागवलं. तळहाताएवढं यंत्र, जवळपास चालू फोन आला की ते चीं चीं ओरडे. लांबच्या टॉवरचं त्याला फारसं काही कळत नसे, पण शेजारी कुणी फोन घेऊन बसला तर लगेच कळे. ते हातात धरून, डोक्यावर खात्यातली जुनी हॅट घालून, धैर्यशीलराव राहायला निर्धोक जागा शोधत निघाले.

जयसिंगपूरला मेव्हण्याकडे गेले, तर फाटकातच मीटर किंचाळलं. घरात माणसं चार आणि फोन सात. नृसिंहवाडीला नदीकाठी एक खोली मिळाली. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी शेजारच्या माणसानं अमेरिकेतल्या मुलाला दर्शन घडवायला फोन वर धरला, आणि धैर्यशीलरावांच्या खिशातून असा काही आवाज आला की सगळा घाट त्यांच्याकडे बघायला लागला. "देवाच्या दारात असलं यंत्र घेऊन कशाला येताय ओ?" असं एका आजीनं खडसावलं. ते बिचारे देवाला नमस्कार करून निघाले.

"आता एकच जागा बघा," अनुजाताईंनी सांगून टाकलं. "तिथं जमलं, तर मीही येते, हा फ्लॅट देऊ भाड्यानं. नाही जमलं, तर मुकाट घरी यायचं आणि पुन्हा रेंज हा शब्द काढायचा नाही. माझीही झोप होत नाही हो. तुम्ही रात्रभर भुतासारखं घरातनं फिरता, मी जागीच असते."

हे मात्र धैर्यशीलरावांना लागलं. आपल्या डोक्यापायी बायकोचे डोळे खोल गेलेत, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. आता चुकून चालणार नव्हतं. त्यांनी फोन घरीच ठेवला, हॅट घातली आणि चंदगडची एसटी पकडली.

चंदगडच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून काजूमाळ नावाची वाडी आहे. एसटी तिथं कंडक्टरला वाटलं तर जाते. धैर्यशीलराव उतरले, मीटर पुढे धरलं आणि वाडीतून चालत निघाले. यंत्र गप्प होतं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरायला लागलं.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. काजूमाळच्या लोकांनी टॉवरसाठी अर्ज केलेला होता. वरचेवर स्मरणपत्रं जात होती. वाडीचे पुढारी हंबीरराव यांनी तालुक्याच्या गावी अशी बातमी ऐकली होती, की कंपनीचा माणूस न सांगता येतो, गुपचूप मोजमाप करतो, आणि जिथं थोडीही रेंज सापडली ती वाडी यादीतून काढून टाकतो. तेव्हापासून हंबीररावांचा हुकूम होता, की अनोळखी माणूस यंत्र घेऊन दिसला रे दिसला की सगळ्यांनी फोन बंद करायचे.

"रामराम पावणं," हंबीरराव आडवे आले. "काय मोजताय?"

"इथं रेंज येते का?" धैर्यशीलरावांनी थेट विचारलं.

"रेंज?" हंबीररावांनी आकाशाकडे बघितलं. "आईशप्पत सांगतो सायेब, रेंज कशाला म्हंत्यात ते आमास्नी ठाव न्हाय."

"खरं?"

"एक काडी न्हाय! झाडावर चढला तरी न्हाय, हिरीत उतरला तरी न्हाय!"

"वा! वा!" धैर्यशीलरावांच्या तोंडून निघालं. "अशीच जागा शोधत होतो मी!"

हंबीररावांनी मागे उभ्या असलेल्या मंडळींकडे विजयी नजर टाकली.

"इथं काही दिवस राहायला मिळेल का?"

"म्हंजे ऱ्हाऊन मोजणार?"

"राहिल्याशिवाय कसं कळणार? एक-दोन दिवसांत काय समजतंय?"

"अगदी बरुबर हाय तुमचं! कायमचं ऱ्हावा की!"

साहेबांना उतरवायचं कुठं, यावर थोडी कुजबुज झाली. मोकळी खोली एकच होती, आक्कांची. आक्का एकट्या राहायच्या. त्यांचं घर म्हणजे एक खोली, एक स्वयंपाकघर आणि खोलीच्या भिंतीला लागून लांब पडवी. आक्कांच्या घराचं नाव निघताच हंबीरराव का कोण जाणे, खोकायला लागले. पण आक्का ठाम होत्या. "पावणा दारात उभा हाय आन् तुमी खोकत काय बसलाय? माझ्यातच ऱ्हाईल त्यो."

धैर्यशीलरावांनी खोली पाहिली. स्वच्छ सारवलेली जमीन, एक खाट, वर कौलं. पडवीतल्या भिंतीवर खुंट्यांची ओळच्या ओळ होती.

"एवढ्या खुंट्या कशाला, आक्का?"

"मक्याची कणसं अडकवतो की." आक्का म्हणाल्या. पुढे धैर्यशीलरावांना वाडीत मका कुठे दिसला नाही. पण सर्वेअर असूनही त्यांनी त्याचा विचार केला नाही.

पहिल्याच रात्री नवल घडलं. जेवणं झाली, धैर्यशीलरावांनी मीटरमधले सेल काढून ठेवले. झोपताना असलं विजेवरचं यंत्र उशाजवळ चालू ठेवायचं नाही, हा त्यांचा नियम होता. भिंतीकडे डोकं करून ते आडवे झाले. थोड्या वेळानं पडवीतून हाक आली.

"पावणं, झोपला का?"

ही माया बघून ते सुखावले. घरी असं कुणी विचारत नसे. घरी 'झोपा आता' असं दरडावत.

"झोपलो, आक्का!" त्यांनी ओरडून सांगितलं.

आता जो माणूस 'झोपलो' म्हणून सांगतो तो झोपलेला नसतो, हे कुणालाही कळावं. पण पाहुण्याच्या शब्दावर अविश्वास दाखवायची आमच्याकडे पद्धत नाही. पडवीत पावलं वाजली, घोंगडी झटकल्याचा आवाज आला, मग हलक्या आवाजात काहीतरी बोलणं सुरू झालं. मध्येच कुणी हुंदका दिला, कुणी "अरारारा" म्हणालं. ती कुजबुज ऐकता ऐकता धैर्यशीलरावांचे डोळे मिटले, आणि उघडले ते कोंबडा आरवल्यावर. कान वाजत नव्हते. कपाळ शांत होतं. ते खाटेवर बसून राहिले आणि त्यांना चक्क रडू आलं.

"रात्री पडवीत माणसं जमतात वाटतं?" त्यांनी चहा घेताना विचारलं.

आक्का चुलीकडे वळल्या. "पारायण हाय."

"अरे वा. कुठल्या ग्रंथाचं?"

"लय लांबलचक हाय. सासू लय छळतीया त्यात."

"आणि सून?"

"ती आता कुठं बोलाय लागलीया. काल निस्तं दार आपटलंन." आक्कांनी चुलीत फुंकर घातली.

दिवस मजेत जायला लागले. धैर्यशीलराव सकाळी मीटर घेऊन फिरायला निघाले की पहिल्या घरातून आरोळी उठे, "सायेब निघालं वो!" ती घराघरांतून पुढे पुढे जाई. आपल्याला एवढा मान मिळतोय हे पाहून ते संकोचून जात आणि दोन्ही बाजूंना हात जोडत चालत. घरोघरी लोक पाठमोरे होऊन कमरेशी, पदराशी काहीतरी चाचपत आणि मगच नमस्कार करत. हीही इकडची रीत असेल, असं त्यांनी धरून चाललं. आज या घरी कोंबडा, उद्या त्या घरी पांढरा रस्सा. पाहुणा "शून्य आहे बघा!" असं मीटर दाखवून आनंदानं सांगे, आणि ऐकणारा आणखी एक वाटी पुढे सरकवी.

"मग सायेब, काय अंदाज?" हंबीरराव अधूनमधून विचारत.

"उत्तम! मी तर ठरवूनच टाकलंय. फक्त वरून मंजुरी यायचीय."

ही वरची मंजुरी म्हणजे अनुजाताई. त्यांना एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप गेला, की जागा सापडली, बघायला ये. इकडे हंबीररावांनीही वरची मंजुरी ऐकली आणि ते तातडीनं तालुक्याला जाऊन कसलीशी मोठी गुंडाळी घेऊन आले.

अनुजाताई रविवारी दुपारी उतरल्या आणि नवऱ्याकडे बघतच राहिल्या. गाल वर आले होते, डोळ्यांत तकाकी होती. आक्कांनी त्यांना हळदकुंकू लावलं, पडवीत घोंगडीवर बसवलं आणि चहा टाकायला आत गेल्या.

"आता बघ," धैर्यशीलराव मीटर घेऊन शेजारी बसले. "अख्ख्या घरात फिर, वाडीत फिर, शून्य! कर्नाटकात गेलीस तरी—"

मीटर किंचाळलं. त्याच क्षणी अनुजाताईंच्या पर्समधला फोन वाजायला लागला.

"अगबाई, मोना! व्हिडिओ कॉल!" रेंज नाहीच म्हटल्यावर तो बंद कशाला करायचा, म्हणून अनुजाताईंनी फोन तसाच ठेवला होता. "अहो, इथं तर चार काड्या आहेत!"

पुण्याहून लेकीचा चेहरा पडद्यावर स्वच्छ उमटला. "आई, बाबांना जागा मिळाली का? ते काय शेजारीच बसलेत! बाबा, केवढे गुटगुटीत झालात!"

धैर्यशीलराव मीटर झटकून पुन्हा पुन्हा बघायला लागले. तेवढ्यात अंगणातून हंबीरराव धावत आले. त्यांच्या एका काखेत ती गुंडाळी होती.

"वैनीसाब! बंद करा आदी त्यो फोन! सायबास्नी कळलं तर टावर गेला आमचा!" एवढं बोलून झाल्यावर त्यांना साहेब दिसले.

"कुठला टॉवर?" धैर्यशीलरावांनी विचारलं.

"तुमी बसवणार हाय त्यो."

"मी? अहो, टॉवरपासनं पळून आलोय मी इथं!"

दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्याही डोक्यात एकाच वेळी उजेड पडला आणि दोघेही एकाच वेळी बोलले.

"म्हंजे तुमी टावरवालं न्हाय?"

"म्हणजे इथं रेंज हाय?"

पुण्याहून मोना विचारत राहिली, "आई, काय चाललंय तिकडं?"

हळूहळू वाडी गोळा झाली आणि सगळा उलगडा झाला. काजूमाळात रेंज नव्हती हे पुष्कळसं खरं होतं. फक्त हद्दीपलीकडच्या टॉवरची रेंज एका जागी यायची, ती आक्कांच्या पडवीतल्या त्या भिंतीवर. पहिल्यांदा कन्नडमधून स्वागताचा मेसेज यायचा आणि मग सगळं सुरळीत चालायचं. म्हणून तिथं घरटी एक खुंटी होती. रोज रात्री पाहुणा 'झोपलो' म्हणाला की लोक चवड्यांवर येत, आपापला फोन पिशवीत घालून खुंटीला अडकवत आणि मेसेज उतरवून घेत. मधल्या मोठ्या फोनवर मालिका लागे.

"मग ते पारायण?" धैर्यशीलरावांनी क्षीण आवाजात विचारलं.

"शिरेल बघतो ओ आमी," आक्का खाली मान घालून म्हणाल्या.

"आणि सगळ्यात झ्याक रेंज कुठल्या खुंटीला येती ठाव हाय?" मागून कुणीतरी उत्साहानं सांगितलं. "हंबीररावांच्या. तुमच्या उशामागची ती!"

"म्हणजे एवढे दिवस," अनुजाताई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "सगळ्या गावाच्या फोनांना डोकं लावून झोपलात?"

हंबीरराव मात्र हसण्याच्या मनःस्थितीत नव्हते. त्यांनी गुंडाळी उलगडली. तो फ्लेक्स होता. 'काजूमाळच्या टॉवरचे शिल्पकार मा. इंगवलेसाहेब यांचे हार्दिक स्वागत', खाली हंबीररावांचा हात जोडलेला फोटो आणि वर धैर्यशीलरावांचा त्याच्या दुप्पट मोठा.

"माझा फोटो कुठनं मिळाला?"

"तुमी झोपल्यावर काढला."

"पण डोळे तर उघडे दिसतायत."

"ते कंपूटरवर उघडून घेतलं," हंबीरराव कडवटपणे म्हणाले. "फुकटच गेलं."

आता खरं सांगणं भाग होतं. धैर्यशीलराव उठून उभे राहिले. "मंडळी, मला फोनच्या लहरींचा त्रास होतो. कान वाजतात, डोकं दुखतं, झोप येत नाही. म्हणून रेंज नसलेली जागा शोधत होतो." हे बोलता बोलता त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. "आणि इथं, या भिंतीला डोकं टेकून, वर्षभरात आली नाही अशी झोप आली. आता तुम्हीच सांगा, मला काय म्हणायचं ते. मी स्वतःला कालपर्यंत सर्वेअर म्हणत होतो."

लोक हसतील अशी त्यांनी तयारी ठेवली होती. कुणी हसलं नाही.

"डोस्कं दुखतंय व्हय रं तुजं?" आक्का पुढे आल्या. घाबरल्यामुळे त्या साहेबाला अरेतुरे करायला लागल्या होत्या. "मग आदीच न्हाय का सांगायचं? आमी माळावर जाऊन बसलो असतो की! निस्तं शून्य हाय, शून्य हाय म्हनत हिंडतोय, आमास्नी काय कळणार?"

धैर्यशीलराव पुन्हा खाली बसले. त्रास खोटा होता का? नव्हता. कोल्हापुरातल्या त्या रात्री त्यांनी एकट्यानं काढल्या होत्या, त्या त्यांना ठाऊक होत्या. मग इथं काय झालं? डॉक्टरांना कारण सापडलं नव्हतं, त्यांनाही सापडेना.

संध्याकाळची एसटी कंडक्टरला वाटलं नाही म्हणून आलीच नाही. जेवणं उरकली. अनुजाताईंनी खाटेशेजारी वाकळ अंथरली.

"आता सांगा," त्या म्हणाल्या. "इथं जमलं म्हणायचं, का नाही जमलं म्हणायचं?"

"सकाळी सांगतो."

पडवीत त्या रात्री झोपायला आलेल्या आक्कांखेरीज कुणी नव्हतं. आक्कांनी वाडीला बजावून ठेवलं होतं, की पावण्याचं डोस्कं दुखतंय, कुणी फोन घेऊन फिरकायचं न्हाय. भिंतीपलीकडे खऱ्या अर्थानं शून्य होतं. धैर्यशीलराव या कुशीवरून त्या कुशीवर झाले. उशी उलटी केली. पाणी प्याले. मग कान वाजायला लागले. खाट कुरकुरली तशी वाकळीवरून अनुजाताईंचा सुस्कारा ऐकू आला. तो ओळखीचा होता, कोल्हापुरातला. धैर्यशीलराव उठून बसले आणि भिंतीला तोंड लावून त्यांनी हाक दिली.

"आक्का, झोपला का?"

"न्हाय ओ पावणं," लगेच उत्तर आलं. "डोस्कं दुखतंय व्हय?"

"ते राहू दे. त्या सुनेचं काय झालं?"

"आजच तर ती सासूला सांगणार हुती. समदं."

"मग लावा की! माणसं बोलवा. आणि आक्का, आवाज जरा मोठा ठेवा, रोज अर्धं ऐकू येत नाही."

आक्कांनी अंगणात जाऊन साद घातली आणि पडवी बघता बघता भरली. पिशव्या खुंट्यांना लागल्या, कन्नडमधून स्वागतं झाली. सासू ओरडायला लागली. सून बोलायला लागली. तिचं म्हणणं पुरं व्हायच्या आत खोलीतून घोरण्याचा आवाज यायला लागला.

"पावणं, झोपला का?" आक्कांनी सवयीनं विचारलं.

"ते झोपले," आतून अनुजाताईंचा आवाज आला. मग दार हळूच उघडून त्या स्वतःच बाहेर आल्या आणि आक्कांनी सरकून दिलेल्या जागेवर घोंगडीवर टेकल्या. हंबीरराव फ्लेक्सपायी रुसून आलेले नव्हते, त्यामुळे एकच खुंटी रिकामी होती, उशामागची. अनुजाताईंनी आपला फोन पिशवीत घातला, भिंतीला कान लावून पलीकडचं घोरणं एकदा ऐकून घेतलं, आणि पिशवी त्या खुंटीला अडकवून दिली.